कुठला फॉर्म भरायचा?

महिन्याभरापूर्वीची गोष्ट. शनिवारी रात्री आम्ही चौघं तवांगच्या ट्रिपचं प्लॅनिंग करत बसलो होतो. विमानाची तिकिटं झाली, गुवाहाटीहून गाडी ठरली, रजा कुणाला किती दिवस मिळणार यावरून यथेच्छ भांडणंही झाली. मग कुणीतरी म्हणालं, "अरे, परमिटचं काय?"

परमिट म्हणजे इनर लाइन परमिट. अरुणाचलात जायचं तर भारतीय माणसालाही परवानगी काढावी लागते. फॉर्म ऑनलाइन आहे. नाव, पत्ता, ओळखपत्र, फोटो, कुठे जाणार, किती दिवस, कशासाठी. परदेशी पाहुण्यांसाठी वेगळं परमिट असतं. फॉर्म भरता भरता माझ्या डोक्यात सवयीनं टेस्ट केसेस सुरू झाल्या (धंद्याची खोड, दुसरं काय!). माणूस तिथलाच असेल तर परमिट नको. भारतीय पण बाहेरचा असेल तर हा फॉर्म. परदेशी असेल तर तो फॉर्म. झालं, सगळ्या केसेस कव्हर.

सोमवारी जेवताना हे मी टीममधल्या एका मित्राला ऐकवलं. तो स्वतः अरुणाचलचा, पासीघाटजवळच्या एका गावातला. तो हसला आणि म्हणाला, "एक केस राहिली तुझी. चाकमा."

आता मराठी माणसाला 'चकमा' म्हटलं की 'चकमा देणे' तेवढं आठवतं. म्हणून मी मुद्दाम 'चाकमा' लिहितोय. ही माणसं आहेत, बौद्ध आहेत, आणि अरुणाचलात साठ वर्षांहून जास्त काळ राहताहेत. पण ती तिथलीही नाहीत, पाहुणीही नाहीत, आणि त्यातल्या कित्येकांना आपण कुठल्या देशाचे नागरिक हेही कागदावर दाखवता येत नाही. त्यांनी कुठला फॉर्म भरायचा?

त्या प्रश्नाच्या मागे लागलो आणि चार वीकेंड त्यातच गेले. जे सापडलं ते इथे मांडतोय. जरा मोठं आहे, चहा घेऊन बसा.

*

सुरुवात परमिटपासूनच करू. ही इनर लाइन काही स्वतंत्र भारताची कल्पना नव्हे. १८७३ साली इंग्रजांनी 'बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन' नावाचा कायदा केला. आसामच्या सपाटीवर तेव्हा चहाचे मळे फोफावत होते. मळेवाले जमिनीच्या शोधात डोंगराच्या पायथ्याशी घुसत होते, व्यापारी रबर आणि हस्तिदंताच्या मागे आणखी आत जात होते, आणि मग डोंगरातल्या जमातींशी मारामाऱ्या व्हायच्या. सरकारला हा ताप नको होता. म्हणून नकाशावर एक रेष ओढली: पासाशिवाय ब्रिटिश प्रजाजनांनी हिच्यापलीकडे जायचं नाही, पलीकडे जमीन घ्यायची नाही.

यात डोंगरी लोकांबद्दलची माया किती आणि स्वतःची डोकेदुखी टाळणं किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. माझ्या मते दुसरंच जास्त. पण एक गोष्ट खरी, की रेषेपलीकडच्या जमिनी वाचल्या. देशात इतरत्र आदिवासींच्या जमिनी सावकार आणि ठेकेदारांच्या घशात गेल्या, तशा इथे गेल्या नाहीत. स्वातंत्र्यानंतर कायदा तसाच ठेवला. 'ब्रिटिश प्रजाजन' या शब्दांच्या जागी 'भारताचे नागरिक' आले, बस्स. १९५० सालचं फाइंड अँड रिप्लेस म्हणा हवं तर.

पण ठेवण्यामागे आता एक विचारही होता. तेव्हा या भागाला नेफा म्हणत, म्हणजे नॉर्थ ईस्ट फ्रंटियर एजन्सी. १९५४ पासून तिथे आदिवासी विषयांचे सल्लागार होते व्हेरिअर एल्विन. हे गृहस्थ १९२७ साली इंग्लंडहून आले ते थेट आपल्या पुण्यात, ख्रिस्त सेवा संघात. पुढे गांधीजींच्या प्रभावाखाली आले, मध्य प्रांतातल्या आदिवासींत राहिले आणि शेवटी भारताचे नागरिक झाले. नेफाबद्दलच्या त्यांच्या पुस्तकाचं आणि नेहरूंच्या धोरणाचं सार असं: या लोकांना त्यांच्या गतीनं पुढे जाऊ द्या, त्यांच्या जमिनीला आणि जंगलाला हात लावू नका, बाहेरच्या माणसांचा लोंढा त्यांच्यावर सोडू नका.

फेब्रुवारी १९६४ मध्ये एल्विन गेले, मे महिन्यात नेहरू गेले. आणि त्याच वर्षी सरकारनं स्वतःच्या हातानं त्या रेषेच्या आत बाहेरची माणसं आणून बसवायला सुरुवात केली.

ही माणसं आली कुठून? त्यासाठी दक्षिणेला, आजच्या बांगलादेशात जावं लागेल.

*

बांगलादेशच्या आग्नेय कोपऱ्यात चितगावचे डोंगर आहेत. चितगाव हिल ट्रॅक्ट्स. चाकमा मूळचे इथले. आणि गंमत बघा, त्यांनाही एक रेष होती! इंग्रजांनी १९०० साली या डोंगरांसाठी असाच वेगळा कायदा केला होता. बाहेरच्या माणसाला तिथे स्थायिक व्हायचं असेल तर जिल्ह्याच्या अधिकाऱ्याची परवानगी लागे.

१९४७ साली फाळणी झाली तेव्हा या डोंगरांत सत्त्याण्णव टक्क्यांच्या आसपास लोक बिगर-मुस्लिम होते. त्यामुळे आपण भारतातच जाणार असं चाकमा पुढाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. १५ ऑगस्टला रांगामाटीत तिरंगाही फडकला. दोन दिवसांनी रॅडक्लिफचा निवाडा जाहीर झाला आणि कळलं, की डोंगर पाकिस्तानात गेले आहेत. चितगाव बंदर पूर्व बंगालकडे, तर त्याच्या पाठीशी असलेले डोंगर आणि नदीही तिकडेच, असा तो हिशेब. काही दिवसांत पाकिस्तानी सैन्यानं येऊन झेंडा उतरवला.

त्याच नदीवर, म्हणजे कर्णफुलीवर, पाकिस्ताननं काप्ताई इथे धरण बांधायला घेतलं. अमेरिकेचा पैसा होता, वीज हवी होती. १९६२ साली धरण पूर्ण झालं आणि सुमारे ६५० चौरस किलोमीटरचं तळं तयार झालं. त्यात सुमारे ५४ हजार एकर शेतजमीन गेली, म्हणजे त्या डोंगराळ मुलखातल्या चांगल्या शेतजमिनीपैकी जवळजवळ ४० टक्के. चाकमा राजाचा रांगामाटीचा राजवाडाही पाण्याखाली गेला. सुमारे एक लाख माणसं उठली, आणि त्यातले बहुतेक चाकमा होते.

आपल्याकडे 'धरणग्रस्त' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. त्याच सुमारास आपल्याकडे कोयना धरण बांधलं जात होतं, आणि कोयनेच्या धरणग्रस्तांची पुनर्वसनाची लढाई पुढे किती वर्षं चालली हे आपण पाहिलेलं आहे. पण कोयनेच्या माणसाला निदान मोर्चा कुठल्या कचेरीवर न्यायचा हे माहीत होतं. काप्ताईच्या माणसाचा देश पंधरा वर्षांपूर्वी त्याला न विचारता ठरला होता. त्याला मिळालेली भरपाई आणि जमीन, दोन्ही अपुरी होती. आणि मग १९६४ साली पाकिस्ताननं त्या डोंगरांचा खास दर्जाच काढून टाकला. ती रेष पुसली. त्याच वर्षी पूर्व पाकिस्तानात दंगलीही उसळल्या.

त्या काळात सुमारे ४० हजार चाकमा सरहद्द ओलांडून भारतात आले. चाकमा लोक या पायपिटीला 'बर परंग' म्हणतात, मोठं स्थलांतर. त्यांच्याबरोबर मैमनसिंग भागातून हाजोंगही आले, ते हिंदू.

*

चाकमा आले ते तेव्हाच्या मिझो जिल्ह्यात, म्हणजे आजच्या मिझोराममध्ये. तिथलं वातावरण आधीच तापलेलं होतं (दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, तिथे उठाव झाला). मिझो आणि चाकमा यांच्यात भांडणं होतील अशी सरकारला धास्ती. एप्रिल १९६४ मध्ये आसामचे राज्यपाल विष्णू सहाय यांनी मुख्यमंत्री बिमला प्रसाद चलिहा यांना पत्र लिहिलं. आशय असा: या लोकांना नेफाच्या तिराप विभागात पाठवावं, तिथे मोकळी जमीन सहज मिळेल.

मोकळी जमीन! या दोन शब्दांवर मी बराच वेळ अडकलो. डोंगरात फिरती शेती करणाऱ्यांची जमीन कायम मोकळीच दिसते. एक तुकडा कसायचा, मग काही वर्षं तो पडीक ठेवायचा. नकाशावर, कचेरीतून पाहणाऱ्याला ती रिकामी वाटते. ज्याची असते त्याला नाही वाटत.

शिवाय १९६२ ताजं होतं. चिनी सैन्य तवांगवरून बोमडिलापर्यंत आलं होतं, पूर्वेला वालाँगला लढाई झाली होती. एवढा मोठा सरहद्दीचा मुलूख आणि १९६१ च्या जनगणनेत माणसं किती, तर सुमारे ३ लाख ३६ हजार. सरहद्दीवर वस्ती वाढावी हाही हेतू या वसाहतीमागे होता, असं बरेच अभ्यासक मांडतात.

१९६४ ते १९६९ या काळात सुमारे १५ हजार चाकमा आणि हाजोंग नेफात वसवले गेले. मुख्यतः आजच्या चांगलांग जिल्ह्यात, दियुन, बोरदुमसा, मियाओ या भागात, आणि थोडे लोहित आणि पापुम पारेकडे. हे लोक कुंपणाखालून शिरलेले नाहीत, हे लक्षात घ्या. सरकारनं त्यांना नेलं, जमीन नेमून दिली.

आणि तिथल्या लोकांना कुणी विचारलं? विचारणार कुणाला? नेफाचा कारभार राष्ट्रपतींच्या वतीनं आसामचे राज्यपाल पाहत, आणि १९६५ पर्यंत तो भाग होता चक्क परराष्ट्र खात्याकडे. निवडून आलेली विधानसभा नव्हती. लोकसभेत नेमलेला एक सदस्य. तिथल्या लोकांनी लोकसभेसाठी पहिलं मत दिलं ते १९७७ साली. म्हणजे वसवलेल्यांना पर्याय नव्हता आणि ज्यांच्यात वसवलं त्यांना आवाज नव्हता. दोघांच्याही वतीनं सही तिसऱ्याचीच.

*

इथपर्यंत वाचून मी मित्राला म्हटलं, "मग तुम्ही लोक त्यांच्यावर का चिडता? चूक दिल्लीची आहे."

तो शांतपणे म्हणाला, "पुण्यात उद्या पंधरा हजार माणसं आली तर तुला ट्रॅफिकमध्येसुद्धा कळणार नाही. आमच्याकडे तेवढ्यात अख्खी जमात बसते. आमच्या शेजारच्या खोऱ्यातली भाषा वेगळी असते, आणि ती बोलणारे काही हजारच असतात. आम्ही आमच्याच राज्यात कमी पडलो तर जायचं कुठे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आकडे त्याच्याच बाजूचे आहेत. १५ हजार म्हणजे तेव्हाच्या नेफाच्या चार टक्क्यांहून जास्त, आणि तेही मोजक्या भागांत एकवटलेले. २०११ च्या जनगणनेत अरुणाचलातल्या चाकमांची संख्या ४७ हजारांच्या घरात होती, तर राज्याची लोकसंख्या १४ लाखांच्या आत. सिंगफो, तांगसा या चांगलांगच्या जमाती किती लहान आहेत हे पाहिलं की भीती खोटी वाटत नाही.

मला सगळ्यात टोचलं ते हे, की या भीतीचा सगळ्यात मोठा पुरावा चाकमांच्याच इतिहासात आहे. चितगावच्या डोंगरांवरची रेष पुसल्यावर काय झालं? १९७९ पासूनच्या काही वर्षांत बांगलादेश सरकारनं सपाटीवरचे काही लाख बंगाली तिथे आणून वसवले. १९९१ च्या जनगणनेपर्यंत डोंगरी लोक स्वतःच्या डोंगरात निम्म्यावर आले. दोन दशकं सशस्त्र संघर्ष चालला, हजारो लोक पुन्हा पळून त्रिपुरात आले आणि १९९७ साली करार झाला. म्हणजे अरुणाचलचा माणूस ज्याला घाबरतो ते चाकमा माणसानं स्वतः भोगलेलं आहे. रेष का हवी हे या दोघांइतकं कुणालाच कळत नसेल. आणि नेमके तेच दोघे एकमेकांसमोर उभे केले गेले.

*

पुढचा इतिहास फायलींचा आहे. १९७२ मध्ये नेफाचं अरुणाचल प्रदेश झालं, आधी केंद्रशासित, मग १९८७ मध्ये राज्य. त्याच १९७२ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांचं संयुक्त निवेदन झालं, आणि त्यानंतर केंद्राची भूमिका अशी राहिली की या लोकांना नागरिकत्व द्यायचं. आणि अरुणाचलात विधानसभा आल्यावर स्थानिकांना पहिल्यांदाच आवाज मिळाला. त्यांनी तो वापरला: यांना इथून हलवा. १९८० पासून चाकमांना सरकारी नोकऱ्या बंद झाल्या, पुढे रेशनकार्डं गेली. १९९४-९५ मध्ये तर विद्यार्थी संघटनेनं राज्य सोडण्याच्या मुदती दिल्या.

प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे गेलं आणि आयोग थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ चा निकाल आपल्या घटनेच्या अभ्यासात आजही शिकवतात. कोर्टानं म्हटलं, जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क फक्त नागरिकाला नाही, प्रत्येक माणसाला आहे, आणि त्याचं रक्षण करणं हे राज्याचं काम.

पण त्या निकालातला मला सगळ्यात ओळखीचा वाटलेला भाग वेगळाच होता. नियमाप्रमाणे नागरिकत्वाचा अर्ज जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे द्यायचा आणि त्यानं शेरा मारून तो वर केंद्राकडे पाठवायचा. निर्णय केंद्राचा. पण अर्ज वर जातच नव्हते! कुणी 'नाही' म्हटलेलं नव्हतं, कारण 'नाही' म्हणायला आधी फाइल पोचावी लागते. आपल्याकडे एखादं तिकीट कुणाच्या तरी रांगेत पडून राहतं, ना रिजेक्ट, ना रिझॉल्व्ह, आणि क्लायंट विचारत राहतो, तसंच. फरक इतकाच की इथे तिकिटात माणूस होता. अर्ज नोंदवा आणि पुढे पाठवा, तोवर कुणाला हुसकायचं नाही, असं कोर्टाला सांगावं लागलं.

मग २००० साली दिल्ली उच्च न्यायालयात दुसरा मुद्दा आला. आपल्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच नागरिक. म्हणजे चांगलांगमध्ये १९७० साली जन्मलेल्या चाकमाला कुणी काही 'द्यायचा' प्रश्नच नव्हता. तो आधीपासून नागरिक होता, फक्त मतदार यादीत त्याचं नाव घेत नव्हते. २००४ च्या निवडणुकीआधी सुमारे दीड हजार नावं लागली. १९८७ नंतर जन्मलेल्यांचा नियम वेगळा, २००४ नंतरच्यांचा आणखी वेगळा. एकाच घरात आजोबा निर्वासित, बाप नागरिक, आणि नातवाचं कुठलं व्हर्जन लागू होतं ते वकिलाला विचारायचं.

आणि १७ सप्टेंबर २०१५. सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सांगितलं, १९६४ ते ६९ मध्ये आलेल्यांचं नागरिकत्व तीन महिन्यांत मार्गी लावा. त्याच निकालात असंही म्हटलं, की हे लोक राज्यात वसवलेले आहेत, त्यांच्याकडून इनर लाइन परमिट मागता येणार नाही. म्हणजे 'कुठला फॉर्म भरायचा' या माझ्या प्रश्नाचं उत्तर देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं देऊन ठेवलेलं होतं: कुठलाच नाही. ते घरीच आहेत.

पण उत्तर मिळणं आणि प्रश्न सुटणं यात फरक असतो. २०१७ मध्ये केंद्रानं नागरिकत्व देऊ, पण जमिनीचा हक्क देणार नाही, असा मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला; अरुणाचलात बंद पाळला गेला. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यातून इनर लाइनचे भाग वगळले गेले. २०२१ च्या १५ ऑगस्टला मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी जाहीर केलं की चाकमा-हाजोंगांना राज्याबाहेर वसवलं जाईल. कुठे? ते काही ठरलं नाही. २०१५ च्या निकालाला आता दशक झालं आणि बहुतेकांचं गाडं तिथेच आहे.

*

हे सगळं वाचून मी कुठल्या बाजूचा, असं विचाराल तर सांगतो. ज्या मुलाचे आजोबासुद्धा दियुनमध्ये वाढले त्याला 'परत जा' म्हणणं मला पटत नाही. परत म्हणजे कुठे, तळ्याच्या तळाशी? पण इनर लाइन हा जुनाट कायदा आहे, फेकून द्या, असंही मी आता म्हणणार नाही. महिन्यापूर्वी म्हटलं असतं.

माझा राग आहे तो 'मोकळी जमीन' लिहिणाऱ्या पेनावर. ढाक्याजवळ एक, शिलाँगमध्ये एक, दिल्लीत एक. रेष ओढायची तेव्हा यांनी ओढली, पुसायची तेव्हा यांनी पुसली, आणि ओलांडायची तेव्हा यांनीच माणसं उचलून पलीकडे ठेवली. भांडण मात्र तिराप-चांगलांगच्या शेतांत राहिलं. मिझोराममध्ये त्याच चाकमांना १९७२ पासून स्वतःची स्वायत्त जिल्हा परिषद आहे. तिथेही कुरबुरी आहेत, पण तिथे निदान बसून बोलायला एक टेबल आहे. अरुणाचलात केंद्र, राज्य, स्थानिक जमाती आणि चाकमा हे चौघं एका टेबलाशी बसल्याशिवाय नुसत्या निकालांनी काही होईलसं वाटत नाही, आणि टेबल मांडायची जबाबदारी ज्यानं माणसं नेऊन ठेवली त्याची.

हे मी मित्राला वाचून दाखवलं. त्याला सगळं पटलेलं नाही. "परत जा" वरच्या ओळीला तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "शाळेत माझ्या वर्गात एक चाकमा मुलगा होता. फुटबॉल भारी खेळायचा. पुढे कुठे गेला माहीत नाही."

असो. आमची परमिटं आली आहेत. अर्ज केल्यापासून एका आठवड्याच्या आत.